तीस वॅट म्हणजे तीस वॅट

शंभर वॅट! अहो, कसले शंभर वॅट? डब्यावर रंगाने लिहिलं म्हणजे झाले का शंभर? मग मीही माझ्या दारावर कलेक्टर अशी पाटी लावतो, द्या मला लाल दिव्याची गाडी. गिटारच्या ॲम्प्लिफायरवर असा फुगवलेला आकडा वाचला की आजही माझं डोकं फिरतं, आणि डोकं फिरलं की मला नाना आठवतात. जळगावात एका कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीला लागून त्यांचं दुकान होतं. तिथे तयार होणाऱ्या प्रत्येक ॲम्प्लिफायरवर ते स्वतःच्या हाताने पांढऱ्या ऑइलपेंटने लिहायचे, ३० वॅट. चाळीस नाही, पस्तीस नाही. एकावर तर त्यांनी २८ लिहिलं होतं, कारण मोजल्यावर अठ्ठावीसच भरले.

नाना हे काही त्यांचं नाव नव्हे. सगळे म्हणत म्हणून मीही म्हणायचो. खरं नाव सांगून उपयोग नाही. ज्यांनी ते लक्षात ठेवायला हवं होतं त्यांनी ठेवलं नाही, आणि त्या लोकांबद्दल बोलायला लागलो तर माझी जीभ घसरेल.

मी तेव्हा हायस्कुलात विज्ञान शिकवायचो आणि शाळा सुटली की एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. लग्न असो, गणपती असो, पाचोऱ्याच्या कॉलेजचं गॅदरिंग असो, ऑर्केस्ट्रा पाहिजेच. माझी गिटार वाजायची ती नानांच्या ॲम्प्लिफायरमधून. तो व्हॉल्व्हचा होता. जुन्या रेडिओत काचेचे दिवे लालसर पेटायचे ना, तेच ते व्हॉल्व्ह. नाना त्यांना दिवेच म्हणत. तोवर बाजारात ट्रान्झिस्टरचे ॲम्प्लिफायर आले होते, हलके, चकचकीत, बटण दाबलं की लगेच बोलणारे. नानांच्या यंत्राला तापायला दोन मिनिटं लागायची. त्या दोन मिनिटांत दुकानात कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. एकदा एका पुढाऱ्याचा माणूस घाई करायला लागला, "अहो नाना, लवकर करा, साहेब गाडीत बसलेत." नानांनी त्याला दंडाला धरून पायरीखाली उतरवलं आणि म्हणाले, "साहेबांना सांग, दिवे तापताहेत. ते सरकारचं ऐकत नाहीत."

त्यांचा डावा हात कायम खिशात. व्हॉल्व्हच्या यंत्रात चारशे व्होल्ट खेळतात. दोन्ही हात आत घातले आणि चुकून झटका बसला तर तो छातीतून जातो. म्हणून कारागिराने एक हात खिशात ठेवून काम करायचं. नानांना त्याची इतकी सवय की ते जेवतानाही डावा हात खिशात आणि नमस्कारही एका हाताने. लोक म्हणायचे, काय हा माणसाचा माज! माज? अरे, आधी विचारा तरी की बाबा, का करतोस. विचारायला वेळ नाही, बोलायला मात्र सगळ्यांना वेळ.

आणि पावलं! आवाज मोजायचं यंत्र नानांकडे नव्हतं. नवा ॲम्प्लिफायर तयार झाला की ते मला बोलवायचे. मी दुकानाच्या दारात बसून एकच छोटी सुरावट पुन्हा पुन्हा वाजवायची. नाना दुकानाकडे तोंड करून जिनिंगच्या भिंतीच्या कडेने उलटे चालत जायचे, मोठ्याने पावलं मोजत. जिथे तारेवरचा एकेक आघात वेगळा ऐकू येईनासा होई तिथे हात वर करायचे. सायकलवाले त्यांना वळसा घालून जात. एकदा ते उलटे चालता चालता बसलेल्या म्हशीवर जाऊन बसले, तरी आकडा चुकला नाही. त्यांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणायचो. अक्का म्हणायच्या, "मला बघायला आले तेव्हा नशीब पावलं मोजली नाहीत. नाही तर माझा आवाज धुळ्यापर्यंत भरला असता." त्या रस्त्यावर नानांचा तीस वॅट कधी दोनशे नव्वद पावलांच्या खाली आला नाही. मी स्वतः निदान वीस वेळा वाजवलंय. ऐकताय ना? दोनशे नव्वद. हा आकडा मला झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगितला असता. म्हणूनच पुढचं सांगताना माझा मलाच संताप येतो.

एका गणेश मंडळाची पोरं आली. त्यांना ॲम्प्लिफायर हवा होता, पण त्यावर २०० लिहून हवं होतं. समोरच्या आळीतल्या मंडळाकडे दीडशेचा होता म्हणे.

"नाना, नुसतं लिहायचंच तर आहे. तुमचं काय जातं?"

"डॉक्टरकडे जाऊन म्हणशील का, की डॉक्टर, माझं वजन नुसतं लिहायचंच तर आहे, ऐंशी किलो लिहा?"

"सगळे लिहितात, नाना!"

"बठ्ठा लिखतस, तर त्यास्कडे जा," नाना म्हणाले. राग आला की त्यांच्या तोंडी थेट गावची अहिराणी यायची. "मन्हा डबावर तीस लिखेल शे म्हणजे तीसच शे."

पोरं गेली. स्टेशनकडच्या एकाने त्यांना तीस वॅटसुद्धा धड नसलेला डबा दिला आणि त्यावर फुकटात २०० रंगवून दिलं. त्या वर्षी मिरवणुकीत तो डबा असा कोकलत होता की गाणं कोणतं चाललंय ते गणपतीलाही कळलं नसेल. पण मंडळ खूश! दोनशे ना? झालं तर मग. मी विचारतो, लोकांना कान कशासाठी दिलेत? वाचायला?

आता मी विज्ञानाचा पदवीधर आणि नाना सातवी पास. पण आवाज म्हणजे काय हे मला त्यांनी शिकवलं. मी एकदा म्हणालो, "काही म्हणा नाना, शंभर वॅट म्हणजे तिसाच्या तिप्पट आवाज." त्यांनी कावीळ झालेल्या माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, एक माणूस ओरडतोय. त्याच्या शेजारी दुसरा येऊन ओरडायला लागला. दुप्पट वाटतं का? जरासं वाढल्यासारखं वाटतं. कानाला दुप्पट वाटायला दहा माणसं उभी करावी लागतात. आणि हे ट्रान्झिस्टरवाले. त्याचं बटण अर्ध्याच्या पुढे नेलं की आवाज फाटतो, ऐकणारा दात आवळतो, मग वाजवणारा बटण मागे आणतो. वापरतो किती, तर अर्धा. माझा दिवा शेवटापर्यंत न्या, तो भरून येतो, जाडा होतो, पण टोचत नाही. माझे तीसचे तीस वापरता येतात." मी कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन जाडजूड पुस्तकं उलथीपालथी केली. शब्दन् शब्द बरोबर निघाला. दुसऱ्या दिवशी मी तेच वर्गात शिकवलं. नानांचं नाव मात्र घेतलं नाही. पाहा, तेव्हापासूनच माझी ही खोड.

तर ती परीक्षा.

आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक एदलाबादकडचे, केळीचे मोठे बागायतदार. आता त्या गावाला मुक्ताईनगर म्हणतात. मालकांना नवे आठ सेट घ्यायचे होते. नानांकडून घ्यायचे की मुंबईच्या एका कंपनीचे, हा प्रश्न. कंपनीचा माणूस येऊन बसला होता, त्याच्याकडे शंभर वॅटचा ट्रान्झिस्टर, वर एकोची, म्हणजे आवाज घुमवायची सोय. मालक म्हणाले, आपल्या मळ्यातच समोरासमोर होऊ द्या. मळ्यात मांडव घातला, धुळ्याचे, पाचोऱ्याचे ऑर्केस्ट्रावालेही बोलावले. जो जिंकेल त्याचा माल सगळे घेणार. मोजायचं कसं? नानांच्या पावलांनी. कंपनीवाला हसला, पण कबूल झाला. आणि नाना भर मांडवात, सगळ्यांसमोर म्हणाले, "हरलो तर पुन्हा दिव्याला हात लावणार नाही." कुणी त्यांना असं बोलायला सांगितलं नव्हतं. पण हा माणूस एकदा बोलला की बोलला, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

वाजवणारा मी. दोन्ही यंत्रांवर तीच गिटार, तीच सुरावट.

नाना सकाळपासून एकच धोशा लावून बसले होते, "अकराच्या आत उरका." कारण साधं होतं. त्या भागात तेव्हा शेतीची लाईट अकराला यायची. अकरा वाजले की आसपासच्या शंभर विहिरींवरचे पंप एकदम सुरू व्हायचे आणि त्याच डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, घराघरातले बल्ब पिवळे पडायचे. व्होल्टेज बसायचं. आणि व्होल्टेज बसलं की व्हॉल्व्हचा जीव निम्मा होतो. पण आपल्याकडे पाहुणा म्हटला की विषय संपला! त्याला आधी वांग्याचं भरीत, मग कळण्याची भाकरी, मग आग्रह, मग अजून एक वाढा, मग पान. कंपनीचा माणूस हात धुऊन उठला तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. मालकांनी विचारलं, "पहिलं कुणाचं?" आणि नाना, ज्यांना घड्याळाची सगळ्यांत जास्त काळजी होती तेच नाना, म्हणाले, "पाहुण्याचं. पाहुण्याचं आधी." घरी आलेल्याला मागे ठेवायचं नसतं म्हणे. अहो, तो तुमची रोजीरोटी घ्यायला आलाय! पण नाही.

पाहुण्याने आधी दहा मिनिटं भाषण दिलं. मग मी वाजवलं. नाना केळीच्या दोन बागांमधल्या रस्त्याने उलटे चालत गेले आणि दोनशे बहात्तराव्या पावलाला त्यांनी हात वर केला. दोनशे बहात्तर! शंभर वॅटवाल्याचे! मी मनात म्हटलं, जिंकले नाना. ते परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरही तेच होतं. त्यांनी आपलं यंत्र लावलं, दिवे तापायला ठेवले, शेजारी आपला व्होल्टमीटर ठेवला. काटा दोनशे वीसवर.

आणि अकरा वाजले.

मांडवातले दोघं शेतकरी उठून पाणी भरायला निघालेसुद्धा. म्हणजे लाईट आली हे सगळ्यांना कळलं होतं. विहिरींवरून घूं घूं सुरू झालं आणि माझ्या डोळ्यांसमोर काटा दोनशे वीसवरून एकशे पासष्टवर आला. नाना मालकांना म्हणाले, "माझं दुपारी शेतीची लाईट गेल्यावर करू." मालक म्हणाले, "पाहुण्यांना भुसावळहून गाडी आहे." पाहुणा हसत म्हणाला, "क्या चाचा, डर गये?" थोडा हशा-बिशा झाला. नाना लालबुंद. मग मालक माझ्याकडे वळले. त्यांचा स्वर अगदी साधा होता, आजही कानात आहे. "मास्तर, तुम्ही सायन्सचे. व्होल्टेजचा खरंच फरक पडतो का? तुम्ही सांगाल ते आम्ही मानू. पडत असेल तर पाहुण्यांना मुक्कामाला ठेवून घेऊ."

काटा माझ्यापासून एका हातावर होता. दोनशे नव्वद हा आकडा मला पाठ होता. एक वाक्य बोलायचं होतं. एक!

मी म्हणालो, "तेवढ्याने काही विशेष फरक पडत नाही."

का म्हणालो? सांगतो ना, आता काय लपवायचं? मला तो एकोवाला ॲम्प्लिफायर हवा होता. नानांचं धूड एसटीच्या टपावर चढवून माझी कंबर गेली होती. नवा सेट आला तर पहिला मास्तरांना, असं मालक आदल्या दिवशी म्हणाले होते. बस, एवढंच. इतक्या स्वस्तात मी माझं विज्ञान विकलं. माझा राग येतोय ना तुम्हाला? येऊ द्या, मलाही येतो.

नानांनी माझ्याकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. म्हणाले फक्त, "वाजव." आणि उलटे चालायला लागले. एकशे चौऱ्याऐंशीव्या पावलाला त्यांनी हात वर केला. कुणी तपासायला गेलं नव्हतं त्यांच्याबरोबर. वीस-पंचवीस पावलं जास्त सांगितली असती तरी कुणाला कळणार होतं? शंभर जास्त सांगितली असती तरी कळलं नसतं, तिथे सगळा विश्वास त्यांच्याच कानांवर होता. पण हा माणूस स्वतःविरुद्धसुद्धा खरं मोजून आला. मांडवात टाळ्या पडल्या. नानांनी यंत्र बंद केलं, दिवे निवेपर्यंत तिथेच उभे राहिले, मग दोघांच्या मदतीने ते टेम्पोत चढवून निघून गेले.

आठवड्याभरात दुकानाला कुलूप लागलं. जिनिंगच्या भिंतीवर लावलेली पाटीही त्यांनी स्वतःच उतरवून नेली. अक्का शेजारणीला म्हणाल्या, "धुळ्याला जातोय, भावाकडे." मग सगळ्या खानदेशात एकोवाले शंभर वॅट आले, पुढे दोनशे आले, पाचशे आले. नवरीच्या बापाला कानात बोटं घालून अक्षता टाकताना मी पाहिलं आहे. आणि मी वाजवत होतो, हो, मीच.

पुढे आठ-नऊ वर्षांनी दहावीचे पेपर तपासायला मी धुळ्याला गेलो होतो. पारोळा रस्त्यावर एका दुकानात शेतीपंपांच्या मोटारींना तार भरणारा म्हातारा दिसला. डावा हात खिशात नव्हता म्हणून आधी ओळखू आला नाही. तार भरायला दोन्ही हात लागतात. ज्या पंपांनी त्यांचा घात केला तेच पंप ते दुरुस्त करत बसले होते, आणि ह्याचंही त्यांना काही वाटत नसावं. मोटारीवर मात्र अश्वशक्तीचा आकडा स्वतः मोजून लिहिलेला. अक्का आतून म्हणाल्या, "अगं बाई, मास्तर! बसा, चहा टाकते."

मी बसलो नाही. इतक्या वर्षांचं तोंडाशी आलं होतं. उभ्या उभ्याच म्हणालो, "नाना, त्या दिवशी व्होल्टेज एकशे पासष्ट होतं. मी पाहिलं होतं. मी खोटं बोललो."

ते वेढे मोजत होते. मोजून झाले, तारेला गाठ मारली, मग वर पाहिलं. मला वाटलं, ओरडतील. मी त्याचीच वाट बघत होतो, खरं सांगतो. एक शिवी दिली असती तरी मी मोकळा झालो असतो.

"माले काय सांगस?" ते म्हणाले. "मला माहीतच होतं. मांडवात बसले होते त्यांना माहीत नव्हतं. त्यांना सांग."

आणि पुढची तार घेऊन पुन्हा एकपासून मोजायला लागले.

मी तडक एदलाबादला मालकांकडे गेलो. त्यांनी केवढं स्वागत केलं! "या मास्तर, किती दिवसांनी!" भरीत झालं, भाकरी झाली. मग म्हणाले, "बोला, काही काम होतं का?" मी म्हटलं, "नाही, सहज आलो होतो." पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा गेलो, खास तेवढ्यासाठी, रजा टाकून. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मी केळीच्या भावावर तासभर बोललो आणि संध्याकाळच्या एसटीने परत आलो.